दोन साडूंची पैज

३ फेब्रुवारी

धाकटे साडूभाऊ यांस,

उभे असाल तर आधी खाली बसा. हातातलं भिंग बाजूला ठेवा. आता वाचा: सहा पॉइंट तीन!

काल रिपोर्ट आला. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सहा पॉइंट तीन. तुमची, गेल्या पत्रात तुम्हीच जीव मुठीत धरून कळवलेली, सहा पॉइंट नऊ. म्हणजे ह्या खेपेची पैज मी मारली. सासूबाईंकडे जमू तेव्हा पंख्याखालची खुर्ची माझी, आणि त्यांच्या गुडघ्यांची हकीकत पहिल्यापासून ऐकायची पाळी तुमची. मधले हुंकारही तुम्हीच द्यायचे.

रिपोर्ट मी बॉयलरच्या खोलीत भिंतीवर चिकटवलाय. धुलाई कारखान्यातली माणसं येऊन बघून जातात. चादरींना इस्त्री करणाऱ्या बायकांनी विचारलं, काका, असं खाता तरी काय? म्हटलं, काही नाही, साडूचं डोकं खातो.

पत्र कामाच्याच पत्त्यावर टाकतोय. घरच्या फोनवर बोलायचं म्हणजे दोन्ही टोकांना दोन बहिणी कान लावून उभ्या. तुमचा आकडा तुमच्या आधी माझ्या स्वयंपाकघरात पोचतो. त्यापेक्षा हे बरं, तुम्ही, मी आणि मध्ये फक्त पोस्टमन.

डॉक्टरने एक नवी गोळी वाढवलीय, रक्तातल्या चरबीची. वर म्हणाला, रक्तदाब एकशे छप्पन्न आहे, मीठ कमी करा. मी म्हटलं, साहेब, दाबाचं मला शिकवू नका, तीस वर्षं दाबाच्याच जिवावर पोट भरतोय. तो काही हसला नाही. मला एक सांगा, साखर मुठीत आहे तर ही चरबीची भानगड कशाला? नात्यात थोरला मी असेन, पण आजारात थोरले तुम्ही. तुमची सोळा वर्षं झाली, माझी आत्ता कुठे नऊ.

बाकी मी ठणठणीत. पायाच्या मुंग्यासुद्धा गेल्या. आता तर तापलेल्या पत्र्यावर पाय पडला तरी चटका कळत नाही, इतका निबर झालोय.

तुमचा विजयी,
थोरला साडू

१२ फेब्रुवारी

थोरले साडूभाऊ,

अभिनंदन. हा शब्द लिहायला मला नऊ दिवस लागले, त्यावरून काय ते समजा.

तुमचं पत्र दुकानाच्या मागच्या खोलीत वाचलं. समोर भिंग घासायचं चाक, बाजूला मालकांची गादी. मी हसलो तसे मालक म्हणाले, काय हो, लॉटरी लागली? म्हटलं, मला नाही, साडूला.

आता गोळीचं. औषधं विकणारा एक फिरता माणूस चष्म्याची काडी घट्ट करून घ्यायला आमच्याकडे येतो. तो सांगत होता, त्या गोळीनं म्हणे साखर किंचित वर सरकते. तेव्हा तुम्ही ती घेणार आणि मी घेत नाही, ही काही बरोबरीची लढत झाली नाही. पुढच्या खेपेला तुम्हाला पॉइंट एकची सूट देतो. धाकटा असून देतो, ह्याची नोंद घ्या.

एक मात्र गंमत सोडून. इतकी खाली आणलीत साखर, तर कधी ती एकदम पडेलही. दरदरून घाम फुटला, हातपाय गळाले, की वाट बघू नका. खिशात साखरेचे खडे ठेवा आणि चार तोंडात टाका. मी सोळा वर्षं तेच करतो. दहा मिनिटांत माणूस जागेवर येतो.

हरलेला,
धाकटा साडू

१ मार्च

साडूभाऊ,

सूट तुमच्याकडे ठेवा. ती गोळी मी पत्र मिळाल्या दिवशीच बंद केली. कुणाची मेहेरबानी घेऊन जिंकणाऱ्यातला मी नाही.

पण तुमचा दुसरा सल्ला लाख मोलाचा निघाला. परवा सत्तावीस तारखेला सेफ्टी व्हॉल्व्ह बघायला बॉयलरवर चढलो. शिडीच्या अकरा पायऱ्या. रोजच्याच. वर पोचलो आणि गार घाम सुटला. शर्ट पिळून काढावा इतका. पोटात ढवळलं, आणि इकडे खालच्या जबड्यात ठणका, दाढ दुखावी तसा. म्हटलं, आली, साडूनं सांगितलेली ती आलीच. मोजत बसलो नाही. तसाच कठड्याला धरून उतरलो, चार खडे तोंडात टाकले आणि बाकावर बसलो. अर्ध्या तासानं उठलो. त्या दिवशी नळ्या साफ करायचं काम तेवढं दुसऱ्या दिवसावर ढकललं.

थकवा आहे अजून थोडा. वय झालं, दुसरं काय.

हे आपल्या दोघांत. थोरलीच्या कानावर गेलं तर ती मला अंथरुणाला खिळवून ठेवेल. आणि वीस एप्रिलला कारखान्याची वार्षिक तपासणी आहे. त्यात जरा कुठे खोट दिसली की बॉयलरवरून काढून फाटकावर वही देऊन बसवतात. आलेल्या-गेलेल्याची नावं लिहायला! मागच्या वर्षी माझ्या जोडीदाराला तसंच बसवलं. परवा बघितला, टोपी डोळ्यांवर ओढून पेंगत होता. माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला, धाकटीजवळही चकार शब्द काढायचा नाही.

थोरला

९ मार्च

थोरले साडूभाऊ,

शपथा कसल्या घालता हो? वाचल्यापासून घास गोड लागत नाहीये.

ती गोळी आधी सुरू करा. मी गंमत केली होती. माझ्या गमतीवर तुम्ही डॉक्टरचं औषध बंद कराल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

दुसरं, खडे खाण्याआधी मोजलं का नाही? मशीन तर तुमच्या डब्यातच असतं. आणि जबडा का दुखावा? साखर पडल्यावर माझा जबडा कधी दुखला नाही. भूक लागते, हात कापतात, चिडचिड होते. जबडा नाही. पित्त असेल. दाढही असेल. एकदा दाखवून टाका ना कुणाला तरी.

पुन्हा तसं झालं तर आधी मोजा, मग खा. आणि मला लगेच कळवा. धाकटीला काही बोललो नाही. बोललो नाही ह्याचाच जिवाला घोर लागलाय.

धाकटा

२० मार्च

साडूभाऊ,

तुम्ही सांगितलंत म्हणून मोजलं. कारखान्याच्या वहीत लिहितो तसंच लिहून ठेवलंय, उतरवून देतो.

१८ मार्च, सकाळी साडेदहा. शिडी. घाम. धाप. जबडा आणि डावा दंड जड. साखर एकशे अडुसष्ट. दहा मिनिटांनी पुन्हा मोजली, एकशे एकाहत्तर. पाऊण तासानं घाम थांबला.

आता एकशे अडुसष्टला काही पडलेली साखर म्हणत नाहीत, एवढं मलाही कळतं. तेव्हा मशीन बिघडलेलं असणार. सेल बदलले. तरी तेच. नवीन पट्ट्या आणल्या. तरी तेच.

घरी जिना चढताना मधल्या वळणावर थांबावं लागतं. थोरली विचारते, काय झालं? मी म्हणतो, किल्ली शोधतोय. रोज किल्ली शोधतो. परवा तिनं किल्लीला लाल दोरा बांधून दिला, सापडावी म्हणून.

तुम्ही भलतंसलतं मनात आणाल म्हणून आधीच सांगतो. छातीत कळ नाही. एकदाही नाही. आमच्या कारखान्यात दोघांना झटका आलेला मी डोळ्यांनी बघितलाय. छाती धरून खाली बसतात माणसं. मला तसं काहीच नाही. म्हणजे हृदयाचं नाही.

गोळीचं बघू. रिपोर्ट मेमध्ये आहे.

थोरला

२६ मार्च

थोरले साडूभाऊ,

आज थट्टा नाही. पत्र दोनदा वाचा.

तुमची वीस तारखेची चिठ्ठी घेऊन मी माझ्या डॉक्टरांकडे गेलो. नाव सांगितलं नाही, एका मित्राचं आहे म्हटलं. त्यांनी ती वाचली आणि पहिला प्रश्न विचारला, ह्यांच्या पायाला चटका कळतो का? तुम्ही मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतंत, निबर झालोय म्हणून.

ते म्हणाले, तुमचा मित्र निबर झालेला नाही. साखरेनं वर्षानुवर्षं नसा मारल्यात. पायाच्या मेल्या तशा हृदयाकडच्याही मरतात. मग हृदयाला रक्त कमी पडलं तरी छातीत कळ येत नाही. येतो तो घाम, धाप, मळमळ, जबड्यातला ठणका, आणि न जाणारा थकवा. तुम्ही ह्यातलं एकही सोडलेलं नाही, साडूभाऊ. सगळं लिहिलंयत, स्वतःच्या हातानं.

मी म्हटलं, पण साखर सहा पॉइंट तीन आहे. ते म्हणाले, उत्तम, पण तेवढ्यानं भागत नाही. रक्तदाब एकशे छप्पन्न, चरबीची गोळी बंद, मग हृदयाची राखण करणार कोण? त्या गोळीनं साखर वाढते ती नखभर. ती बंद करणं म्हणजे पहारा उठवणं.

मागे तुमच्याकडे आलो होतो तेव्हा तुम्हीच मला ती पाणी दाखवणारी काच दाखवली होती. म्हणाला होतात, दर पाळीला ही काच उघडून तपासायची, कारण तोंड गाळानं बुजलं की आतलं पाणी संपत आलं तरी काचेत मात्र पहिल्यासारखं उभं दिसतं. सगळं ठीक दिसतंय म्हणून बसून राहणारा माणूस बॉयलरसकट उडतो. हे तुमचे शब्द. मग स्वतःच्या बाबतीत एकाच काचेकडे का बघत बसलात?

आजच्या आज जा. उद्या नाही. डॉक्टरांचा शब्द होता, लगेच. मी त्यांना विचारलं, नाही गेला तर? त्यांनी दुसऱ्या पेशंटला आत बोलावलं.

शपथ मोडायला लावू नका.

धाकटा

३ एप्रिल

साडूभाऊ,

पत्र दोनदा वाचलं. दोन्हीदा राग आला.

माझा कागद नेऊन परक्या माणसाला दाखवायचा तुम्हाला कुणी अधिकार दिला? आणि त्या डॉक्टरनं मला न बघता, न तपासता, शिक्काही मारला! तुम्ही काचा घासणारी माणसं, सगळ्याच गोष्टी मोठ्या करून बघता.

वीस तारखेची तपासणी होऊ दे. एकवीसला जातो. हा शब्द. सतरा दिवसांनी काही जग बुडत नाही. आधी गेलो, काही निघालं, की झालं, फाटकावर वही. तुम्हाला नाही कळायचं ते. सकाळी मी व्हॉल्व्ह फिरवतो आणि पलीकडे चाळीस यंत्रं चालू होतात. त्या खोलीत मला कुणी म्हातारा म्हणत नाही.

आणि मला शिकवणारे तुम्ही, हृदयाची पट्टी, ईसीजीची, शेवटची कधी काढलीत? सोळा वर्षं झाली ना? रक्तदाब माहीत आहे स्वतःचा? आपण दोघांनी पैज लावली ती साखरेची. बाकी कशाची लावली नव्हती.

शिडी सध्या जपून चढतो. मध्ये दोनदा थांबतो. शपथ लक्षात असू द्या.

थोरला

१४ एप्रिल

ताई,

घाबरू नका असं लिहिणार होतो. खोडलं.

हे पत्र मी घरच्या पत्त्यावर, तुमच्या नावानं टाकतोय, ह्यावरूनच तुमच्या लक्षात आलं असेल. तुमच्या यजमानांना दोनदा दरदरून घाम फुटला, धाप लागली, जबडा दुखला. पहिल्यांदा सत्तावीस फेब्रुवारीला, दुसऱ्यांदा अठरा मार्चला, दोन्ही वेळा बॉयलरच्या शिडीवर. साखर पडल्यामुळे असेल असं आम्ही समजलो. ती पडलेली नव्हती. जिन्यात ते किल्ली शोधत नाहीत, ताई. त्यांना दम लागतो.

माझ्या डॉक्टरांच्या मते हे हृदयाचं आहे, आणि लगेच बघायला हवं. तुमच्या यजमानांनी चरबीची गोळीही बंद केलीय. ती माझ्या एका फालतू विनोदावर बंद केली. डॉक्टरांना ते सांगावंच लागेल, म्हणून लिहितो. यजमानांनी मला लिहिलेली एक मार्च आणि वीस मार्चची पत्रं सोबत जोडली आहेत. ती जशीच्या तशी दाखवा.

कृपा करून आधी भांडू नका. भांडलात तर ते हट्टाला पेटतील. वीस तारखेपर्यंत थांबू म्हणतील. थांबू देऊ नका.

त्यांनी गळ्याची शपथ घातली होती. आठवडाभर त्यांचं शेवटचं पत्र खिशात घेऊन फिरलो. आज दुकानात एका बाईंचा चष्मा फोडला, हातातून निसटला. मालक म्हणाले, लक्ष कुठे आहे तुमचं? मग उठलो आणि लिहायला बसलो.

तुमच्या धाकटीचा नवरा

१८ एप्रिल

तुम्हाला,

ही ओळ लिहितोय तेव्हा ती समोरच्या बाकावर बसलीय. तीस वर्षांत ह्या खोलीत तिनं पाऊल टाकलं नव्हतं. आज तुमचं पत्र हातात घेऊन आली. माझी माणसं बघताहेत. मी ओरडलो. ती बसून आहे. तुम्ही उठल्याशिवाय मी उठणार नाही म्हणते.

गळ्याची शपथ तुम्ही पायदळी तुडवलीत. उद्या जातोय तपासायला, ते तिच्यासाठी नाही आणि तुमच्यासाठी तर नाहीच नाही. तुमचं पत्र खोटं ठरवायला जातोय. ते ठरलं की तुमचं तोंड मला दाखवू नका. नातं बहिणी-बहिणींचं आहे, ते त्यांचं त्या बघतील.

पुन्हा पत्र टाकू नये.

६ मे

चष्मेवाले,

पत्र टाकू नये असं ह्यांनी तुम्हाला लिहिल्याचं मला नंतर कळलं. म्हणून तुमच्याकडून काही आलं नाही. फोनवर धाकटीला मी अर्धंच सांगितलंय. बाकीचं तुम्हाला लिहिते, कारण ते तुम्हालाच सांगायचंय.

एकोणीसला पट्टी काढली. डॉक्टरांनी ती हातात धरली आणि ह्यांना विचारलं, झटका कधी आला होता? हे म्हणाले, कुणाला? डॉक्टर म्हणाले, तुम्हाला. येऊन गेलाय, साधारण दीड-दोन महिने झाले. मी तुम्ही पाठवलेलं एक मार्चचं पत्र पुढे केलं. त्यांनी तारखेखाली पेनानं रेघ मारली.

शिडीवर ह्यांना झटका आला होता, चष्मेवाले. आणि त्या दिवशी पाळी संपवून हे चालत घरी आले.

ह्यांना घरी सोडलंच नाही. नळी घालून बघितलं तर तीन रक्तवाहिन्या बुजत आलेल्या. एक अगदी केसाएवढी उरली होती. वीस तारखेची तपासणी कारखान्यात झाली तेव्हा हे इकडे पलंगावर होते. चोवीसला ऑपरेशन झालं. सहा तास. मी बाहेर बसून समोरच्या भिंतीवरच्या फरशा मोजत होते. एकशे बारा. परत मोजल्या, तरी एकशे बारा.

हे वाचले. हृदयाचा एक तुकडा मात्र गेला, तो काही परत येणार नाही. आता गोळ्या जन्मभर, चरबीची, दाबाची, रक्त पातळ करायची. बॉयलरवर जायचं नाही.

आता माझं ऐका. डॉक्टर म्हणाले, आणखी काही दिवस गेले असते तर शिडीवरून माणूस नाही, प्रेत उतरवावं लागलं असतं. तुमच्या पत्रामुळे ते झालं नाही. त्यासाठी तुमच्या पाया पडावंसं वाटतं. आणि तुम्हाला पहिलं पत्र पाच मार्चच्या सुमारास मिळालं असेल. मला तुम्ही चौदा एप्रिलला लिहिलंत. चाळीस दिवस. चाळीस दिवस मी ह्यांना भाजीची पिशवी घेऊन जिना चढायला लावत होते, किल्लीला दोरा बांधत होते, आणि तुम्ही सगळं माहीत असून मूग गिळून बसला होतात. तुमचं तोंड बघू नये असंही वाटतं. दोन्ही एकदमच वाटतं. त्यातलं कुठलं खरं ते मला विचारू नका.

पुरुषांच्या शपथा पुरुषांनीच घालायच्या आणि पुरुषांनीच पाळायच्या. विधवा कोण होणार होतं?

थोरली

१५ मे

ताई,

चाळीस दिवस हे खरंच आहे. मी ते पुन्हा मोजले.

धाकटीला सगळी पत्रं वाचायला दिली. तिनं एका बैठकीत वाचली, घडी करून ठेवली आणि म्हणाली, उद्या सुट्टी घ्या. दुसऱ्या दिवशी मला तपासायला घेऊन गेली. पट्टी ठीक आली, यंत्रावर चालवूनही बघितलं, हृदय सध्या बरं आहे. पण रक्तदाब एकशे अठ्ठेचाळीस आणि चरबी भरमसाट. सोळा वर्षांत मी ती एकदाही तपासली नव्हती. साखर सोडून मी काहीच बघितलं नव्हतं. आता तीच गोळी मलाही लागू झाली आहे.

एक गोष्ट मात्र मला खाऊन टाकते. गोळीची थट्टा केली ती केलीच. पण खडे खा, वाट बघू नका, दहा मिनिटांत बरं वाटतं, हे मी लिहिलं होतं. मी ते लिहिलं नसतं तर त्या सकाळी ते खडे खाऊन बाकावर बसले नसते. कुणाला तरी हाक मारली असती. डॉक्टर म्हणतात, पहिल्या तासात पोचलं की हृदय वाचतं. तो तास माझ्या सल्ल्यानं गेला. तो गेलेला तुकडा माझ्यामुळे गेला, ताई. हे त्यांना सांगा, किंवा नका सांगू. मला लिहून टाकायचं होतं.

धाकटा

२६ मे

साडूभाऊ,

पत्र मी सांगतोय, लिहून घेतेय थोरली. छातीला टाके आहेत, हात टेबलावर फार वेळ टेकवत नाही. तेव्हा शब्द माझे, अक्षर तिचं, आणि कंसात काही दिसलं तर तो तिचा आगाऊपणा.

(आगाऊपणा लिहिलाय. पुढे.)

तुमचं पत्र तिनं काल मला वाचून दाखवलं. आधी नको म्हणत होती. पुढच्या महिन्यात मला फाटकावर वही देऊन बसवणार आहेत. बसेन. रोज सकाळी अर्धा तास चालतो. वळणावर थांबतो तेव्हा दम लागला असंच म्हणतो. जेवणात वरून मीठ बंद. रिपोर्ट सहा पॉइंट आठ आलाय, तोही ह्या सगळ्या गोंधळात. म्हणजे तुम्ही आता माझ्या पुढे असाल. असा.

मी तुम्हाला शेवटचं जे लिहिलं ते मागे घेतो. तोंड दाखवा. ह्याच रविवारी या.

आता कामाचं. गोळीची गंमत तुम्ही केली, पण ती बंद मी केली. ते दोघांत वाटून घेऊ, मोठा वाटा माझा. पण खड्यांचं पाप स्वतःच्या माथी घेऊ नका. ते खडे मी खाल्लेच नव्हते.

त्या पहिल्या दिवशीही मी मोजली होती. शिडीवरून उतरलो तेव्हा पहिलं तेच केलं. एकशे ब्याण्णव होती. दोनदा मोजली. मी बाकावर बसलो आणि मला कळलं, हे साखरेचं नाही. कुणी सांगायला नको होतं. आमच्या कारखान्यातल्या त्या दोघांचे चेहरे डोळ्यांपुढे आले. पलीकडे इस्त्रीवाल्या बायका होत्या, हाक मारली असती तर धावत आल्या असत्या. नाही मारली. वीस एप्रिल डोक्यात होता. मग तुम्हाला पत्र लिहिताना मोजली नाही, खडे खाल्ले, असं लिहिलं. खरा आकडा लिहिला असता तर तुम्ही त्याच दिवशी गाडी पकडून आला असतात. दुसऱ्या खेपेला खरं लिहिलं, कारण एकट्याला ते पेलेना. कुणीतरी शपथ मोडावी असं वाटत होतं, आणि मोडलीत तर तुमचाच गळा धरला.

तेव्हा तो तास तुम्ही घालवला नाही. तो मी घालवला, पुरता शुद्धीत राहून. आता तुम्ही

(चष्मेवाले, इथवर लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. एकशे ब्याण्णवचं मला आत्ता, लिहिता लिहिता कळलं. चाळीस दिवस गप्प बसलात म्हणून मी तुम्हाला नाही नाही ते लिहिलं. ते मनातून काढून टाका. रविवारी या, धाकटीला घेऊन या.

ह्यांचं वाक्य अर्धंच राहिलंय, पुढचं सांगायला माझ्या तोंडाकडे बघत बसलेत. ते राहू दे. आधी मला ह्यांना विचारायचंय, त्या संध्याकाळी घरी येऊन माझ्यासमोर बसून जेवलात, वाढ म्हणालात, तेव्हा मनात काय होतं?)